झाकण उघडलं की कळायचं: इंटरनेटच्या आधीची यंत्रं आणि आमचे खेळ

निळीशाई

इंटरनेटच्या आधीच्या बालपणाचा विषय निघाला की 'तेव्हा सगळं किती साधं होतं' हे वाक्य हटकून येतं. मला ते पटत नाही. आमच्या हातात आलेली यंत्रं चांगलीच गुंतागुंतीची होती. पण ती काय करतायत हे दिसायचं, ऐकू यायचं, हाताला जाणवायचं. बिघडली तर का बिघडली, याचा माग लहान पोरालाही काढता यायचा. त्या काळाची खरी श्रीमंती मला यात वाटते, आणि ती कुठेतरी लिहून राहावी म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात कॅसेटपासून. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. लू ओटेन्स या डच अभियंत्याच्या गटाचं ते काम. त्याआधी टेप म्हणजे मोठाली रिळं आणि हाताने ओवून घ्यायची फीत. मुलांना तिथे कोण हात लावू देणार? कॅसेट मात्र कुणीही उचलावी, आत सरकवावी आणि बटण दाबावं. चार मिलिमीटरहूनही अरुंद असलेली ती फीत सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते. हा आकडा पुष्कळ नंतर वाचला, पण तो वेग डोळ्यांना आधीच पाठ होता, कारण आमच्या टेपरेकॉर्डरचं झाकण निखळलेलं होतं आणि आतला सगळा कारभार उघड्यावर चालायचा. एक चकचकीत बारीक दांडी, तिला टेकून फिरणारं काळं रबरी चाक आणि त्या दोघांच्या चिमटीतून जाणारी तपकिरी फीत. भरलेलं रीळ संथ फिरतं, रिकामं भरभर फिरतं आणि निम्मी कॅसेट झाली की दोघं काही क्षण एकाच वेगाने फिरतात. हे मी तासन्‌तास बघत बसायचो. असं का होत असेल, हा प्रश्न कुणी घालावा लागला नाही.

रबरी चाकाला मळ चढला की फीत त्यालाच गुंडाळायची. 'टेपने कॅसेट खाल्ली!' अशी आरोळी उठली की हातातलं टाकून धावायचं, बटण बंद करायचं आणि फीत न तोडता बोटांनी हलकेच सोडवून घ्यायची. मग पेन्सिल घालून ती परत आत गुंडाळायची. कॅसेटच्या भोकाला आतून सहा दात असतात, म्हणून षटकोनी पेन्सिलच नेमकी अडकते. गोल पेन्सिल नुसतीच गरगरते. फीत जिथे चुरगळली तिथे गाणं कायमचं दबून वाजायचं. त्यातलं एखादं गाणं आजही कुठे स्वच्छ लागलं की त्या ओळीवर माझे कान तो गचका शोधतात.

रेडिओवरून गाणं टेप करायचं म्हणजे तर एकाग्रतेची परीक्षा. रेकॉर्ड आणि प्ले एकदम दाबून ठेवायचं, पॉझवर बोट, आणि निवेदक शेवटचा शब्द कधी संपवतो याकडे कान. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की त्या बाजूवर कुणी पुन्हा काही टेप करू शकत नाही. मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवला की पुन्हा करता येतं. कारण टेपरेकॉर्डरच्या आत एक लहानसा खटका असतो. त्याला तिथे तुकडा लागला तर तो रेकॉर्डचं बटण खाली जाऊ देतो, पोकळी लागली तर अडवतो. संगणकावर 'ही फाइल फक्त वाचता येईल' अशी सूचना पहिल्यांदा दिसली तेव्हा मला तो खटकाच आठवला.

आणि सेल! सेल उतरायला लागले की गायिकेचा आवाज हळूहळू गायकाचा व्हायचा. मोटर मंदावली, फीत मंदावली, आवाज खाली उतरला. कारण आणि परिणाम यांची एवढी स्पष्ट शिकवणी दुसरी कुठे मिळणार? उतरलेले सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ परत चालायचे, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी केलं असेल. उबेने सेलमधली रासायनिक क्रिया जरा वेगाने होते, म्हणून तो थोडा जीव धरतो. तेवढ्या वेळात एक बाजू ऐकून होत नसे, पण एक आवडतं गाणं नक्की व्हायचं.

तुमच्याकडे कोणती यंत्रं होती? ती कशी चालतात हे तुम्हाला कशावरून उमगलं? नुसती यादी नको, सविस्तर लिहा.

---

भिंगरी

मस्त धागा. टीव्हीबद्दल मी लिहिते.

गच्चीवर एक जण, खिडकीत एक जण आणि टीव्हीसमोर एक जण, अशी साखळी. 'आलं का?' 'नाही!' 'आता?' 'आलं होतं, गेलं! परत फिरव!' दादा अँटेनाला धरून उभा असेपर्यंत चित्र स्वच्छ आणि त्याने हात काढला रे काढला की मुंग्या. आम्हाला वाटायचं हे त्याचं नशीब. खरं कारण असं की माणसाचं शरीर वीज वाहून नेतं. अँटेनाजवळ उभं राहिलं की तेही त्या जुळणीचा भाग होतं आणि लहरी थोड्या वेगळ्या रीतीने वळतात. कधी चित्र सुधारतं, कधी बिघडतं.

माशाच्या काट्यासारखी दिसणारी ती अँटेना जपानमधल्या हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांची. १९२६ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. तिच्यातल्या एकाच कांडीला तार जोडलेली असते. मागची कांडी लहरी परतवते, पुढच्या आखूड कांड्या त्यांना एका दिशेने एकवटतात. म्हणून तर ती थोडीशी फिरली तरी एवढी ओरडाआरडा व्हायची. कांड्यांची लांबीसुद्धा लहरींच्या लांबीवर ठरते, हे कॉलेजात शिकताना मी वर्गात एकटीच हसत होते. त्या कांड्या मी हाताने मोजलेल्या होत्या.

आणि मुंग्यांबद्दल. कुठलंच केंद्र लागलेलं नसताना पडद्यावर ज्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या नाचतात, त्यांतला अगदी लहानसा अंश विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचा असतो. हेच प्रारण १९६४ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सतत खरखर करत होतं. त्यांनी आतली कबुतरांची घाण साफ केली, तरी खरखर जाईना. तीच खरखर त्यांना १९७८ चं नोबेल देऊन गेली. आपण लहानपणी ज्याला 'काही लागत नाहीये' म्हणत होतो, त्यात हेही होतं. हे वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

टीव्ही लावल्यावर एक बारीक शिट्टी ऐकू यायची, ती कुणाला आठवते का? मी दुसऱ्या खोलीतूनही सांगायचे की टीव्ही चालू आहे, आवाज पूर्ण बंद असला तरी. आईला ती कधीच ऐकू आली नाही.

---

निळीशाई

भिंगरीताई, आठवते म्हणजे काय! शिट्टीचा हिशोब तर फारच सुंदर आहे. पाल (PAL) या प्रसारण-पद्धतीच्या टीव्हीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा, १५,६२५. काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला तेवढ्या वेळा डावीकडून उजवीकडे जायचा आणि झोत वळवणारा ट्रान्सफॉर्मर त्याच लयीत कंप पावायचा. हा आवाज माणसाच्या ऐकण्याच्या वरच्या टोकाजवळचा. वय वाढलं की आधी तेच टोक जातं. म्हणून आईला ऐकू येत नव्हता. आता तसा टीव्ही समोर आणून ठेवला तरी आपल्यालाही बहुधा यायचा नाही.

रंगीत टीव्हीला लोहचुंबक लावून कुणी पाहिलंय का?

---

अर्धविराम

लावलंय. हिरव्या-जांभळ्या डागांचा कोपरा पुढे कितीतरी दिवस तसाच होता आणि घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मग एका मेकॅनिककाकांनी तारेचं एक मोठं कडं आणून पडद्यासमोर गोल फिरवत फिरवत लांब नेलं आणि डाग गेला. टीव्ही चालू करताना जो 'धम्म' आवाज यायचा, तो आतल्या तशाच कड्याचा. दर वेळी ते कडं पडद्यामागच्या जाळीतलं चुंबकत्व घालवायचं. माझं चुंबक त्याला आवरण्यापलीकडचं होतं.

पण मला लिहायचंय ते व्हिडिओ गेमबद्दल. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला आणि दोन वर्षांनी त्याचं दुसरं रूप अमेरिकेत. जगातल्या पुष्कळ मुलांनी मात्र पाहिली ती त्याची नक्कल केलेली यंत्रं. नाव वेगळं, खोकं वेगळं, आत तेच. 'एकात शेकडो गेम' असं कॅसेटवर छापलेलं (आम्ही त्या कार्ट्रिजलाही कॅसेटच म्हणायचो) आणि लावल्यावर कळायचं की मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा आलेत. कुठे पहिल्या पातळीऐवजी तिसरीपासून सुरुवात, कुठे नुसता रंग बदललेला. त्यातही शोधाशोध होती. कुठल्या क्रमांकावर खरोखर वेगळं काही आहे, याची आमच्या गटात एक वही होती. ती हातोहात फिरायची आणि ज्याने नवा क्रमांक शोधला त्याचं नाव पुढे लिहिलं जायचं.

टीव्हीवरची बदकं टिपायच्या गेमची बंदूक आठवते? तिच्यातून काहीतरी निघून पडद्याला लागतं, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात सगळं उलटं होतं. बंदुकीतून काहीच निघत नव्हतं, ती बघत होती. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा होता. आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम बरोबर. बदकं दोन असतील तर चौकोन एकामागून एक, म्हणजे कुठलं लागलं तेही कळे. डोळे ताणून बघितलं तर तो काळा लुकलुकाट दिसायचा. माझ्या आतेभावाने तो आधी पाहिला. त्याने सलग कितीतरी वेळा हवेत चाप ओढला आणि म्हणाला, 'ती काहीतरी विचारतेय टीव्हीला.' तो तेव्हा दुसरीत होता. त्याचं ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. चित्र पडद्यावर यायला क्षणाचा काही भाग उशीर होतो आणि तेवढ्यात तिचा प्रश्न संपलेला असतो.

---

टॉर्च

वाचतोय. एकच विचारायचंय. कॅसेट लागली नाही की आपण सगळेच तिच्यात फुंकर मारायचो. त्याचा खरंच उपयोग व्हायचा का?

---

अर्धविराम

उपयोग व्हायचा तो कॅसेट काढून परत घालण्याचा. काढताना-घालताना तांब्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासल्या जातात आणि संपर्क नीट जुळतो. फुंकर मधल्या मध्ये श्रेय घेऊन जायची. उलट तोंडातली वाफ त्या पट्ट्यांवर बसून त्या हळूहळू गंजतात. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं.

पण हे बघा, जगाच्या दोन टोकांवरच्या मुलांनी, एकमेकांना कधीही न भेटता, हाच उपाय शोधला. कोणी शिकवला नाही, कुठे छापून आला नाही. यंत्र अडलं तर आपण काहीतरी करून बघायचं असतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. निळीशाईंच्या मुद्द्याला यासाठी माझं पूर्ण अनुमोदन.

---

गोष्टवेल्हाळ

धागा आवडला, पण थोडं वेगळं म्हणायचंय.

यंत्रं उघडी होती, खरंय. ती कुणासाठी उघडी होती? आमच्या घरात स्क्रू ड्रायव्हर भावाच्या हातात असायचा आणि मी टॉर्च धरायला. 'तू लांब बस, शॉक लागेल.' शॉक त्यालाही लागला असता. व्हिडिओ गेमचा दुसरा रिमोट माझा, म्हणजे त्याचा डाव संपला तर. इथे जे 'आम्ही' लिहिलं जातंय त्यात किती मुली होत्या, हेही आठवून बघा. मी राग म्हणून लिहीत नाही. त्या काळाची आठवण पूर्ण व्हावी म्हणून लिहितेय. त्या झाकणाआड काय आहे हे मला फार हवं होतं, आणि मला ते पहिल्यांदा दिसलं ते स्वतःच्या पगारातून घेतलेल्या रेडिओत.

म्हणून माझ्या लहानपणातलं खरं तंत्रज्ञान म्हणजे काडेपेटीचा फोन. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. दोन रिकाम्या काडेपेट्या, मधोमध भोक, त्यातून ओवलेला दोरा आणि आत अडकवलेली काडी. पहिल्यांदा केला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. मैत्रीण जवळ उभी होती, दोरा लोंबत होता. ती मागे मागे गेली, दोरा ताणला गेला आणि अचानक तिचा आवाज माझ्या कानात! मग आम्ही बोटाने दोरा धरून बघितला, आवाज बंद. कोपऱ्यावरून वळवला, भिंतीला टेकला, आवाज बंद. हवेत मोकळा आणि ताठ असेल तरच चालतो. मग मधोमध तिसरा दोरा बांधून तिसरी पेटी जोडली आणि तिघी एकदम बोलू लागलो. काडेपेटीपेक्षा पातळ पत्र्याचा डबा बरा, सुती दोऱ्यापेक्षा पतंगाचा मांजा बरा, हे सगळं आम्ही करून करून ठरवलं. ध्वनी म्हणजे कंप, हा धडा शाळेत आला तेव्हा बाईंनी विचारलं की कंप म्हणजे काय. मी म्हटलं, 'बोट लावलं की जो थांबतो तो.' बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.

भोवऱ्याचंही तेच. फिरता भोवरा हातावर घेतला की तो हाताला ढकलतो, कलू देत नाही. सायकलचं चाक हातात धरून फिरवलं आणि तिरकं करायला गेलं की ते भलतीकडेच वळतं. बहिर्गोल भिंगातून भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र पडतं. यातलं काहीच विजेवर चालत नाही, आणि मला वाटतं तंत्रज्ञान म्हणून धाग्यात याचीही नोंद हवी.

---

निळीशाई

गोष्टवेल्हाळ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. माझ्या बहिणीला मी आज फोन करून विचारणार आहे की तिला तेव्हा काय काय उघडून बघायचं होतं.

---

दुसरीफेरी

संगणकाची बाजू मांडतो. घरगुती संगणक पहिल्यांदा हाताळला तो झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८२ सालचा ब्रिटिश. रबरी बटणं आणि जास्तीत जास्त ४८ केबी स्मृती. आज फोनमध्ये काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. गेम यायचे साध्या गाण्याच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर वायरने जोडायचा, लोडचा आदेश द्यायचा आणि प्ले दाबायचं. आधी एक लांबलचक एकसुरी आवाज आणि पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे. मग कर्कश किरकिर आणि निळे-पिवळे बारीक पट्टे. तो आवाज हाच तो गेम. संगणकाचे बिट, म्हणजे शून्य आणि एक, कानाने ऐकू येत होते!

मधल्या भागात चित्र उमटायचं, आणि ते वरून खाली सरळ उमटत नसे. पडद्याचे तीन भाग. पहिल्या भागात आधी प्रत्येक आठवी रेघ भरायची, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची, असं करत वरचा भाग पुरा व्हायचा. त्यानंतर दुसरा, मग तिसरा. तोवर सगळं एकाच रंगात. शेवटी वरपासून खालपर्यंत रंग सरसरत यायचे. स्मृतीत चित्र कसं मांडलेलं आहे हे असं डोळ्यांसमोर उलगडत होतं, आणि पुढे प्रोग्रॅमिंग शिकताना मला त्या मांडणीचा तक्ता पाठ करावा लागला नाही.

पाचेक मिनिटं हे चालायचं आणि अगदी शेवटी चूक आली की सगळं पहिल्यापासून. तेव्हा छोट्या स्क्रू ड्रायव्हरने टेपच्या हेडजवळचा (फीत वाचणाऱ्या भागाजवळचा) स्क्रू किंचित फिरवायचा. किरकिर जास्तीत जास्त टोकदार ऐकू आली की तिथे थांबायचं. हेड फितीला बरोबर काटकोनात आलं, एवढाच त्याचा अर्थ. ज्याचा कान चांगला त्याला सगळे बोलवायचे.

मासिकांत प्रोग्रॅम छापून यायचे, पानंच्या पानं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं. एका स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला की चालणार नाही. अशा चुका शोधता शोधता प्रोग्रॅम समजायला लागायचा. मग कुणीतरी म्हणायचं, इथे तीनच्या जागी तीस टाकून बघू, तीस जीव मिळतात का! मिळायचे.

टेट्रिसचा उल्लेख केल्याशिवाय थांबवत नाही. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाझित्नोव याने तो इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर लिहिला. त्या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून पडणारे तुकडे त्याने कंसांची चिन्हं जुळवून केले. आयबीएम पीसीवर तो आणण्यात वादिम गेरासिमोव हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. तिथून तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, हातातून हातात, देश ओलांडत गेला. इंटरनेट नसतानाही एखादी चांगली गोष्ट किती लांब पोचते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

---

पायवाट

फोनचं कुणीच लिहिलं नाही अजून. तबकडीचा फोन. पाचच्या भोकात बोट घालून फिरवा आणि सोडा, तबकडी करकरत परत येते. ती परत येताना लाइन पाच वेळा तुटते-जुळते. शून्याला दहा वेळा. आकडा जातो तो परतीच्या वाटेवर, आणि म्हणून परत येणारी तबकडी बोटाने ढकलून लवकर आणली तर भलताच नंबर लागतो.

आमच्या घरी तबकडीला छोटं कुलूप घालून ठेवायचे. मोठ्या बहिणीने मला दाखवलं की रिसिव्हर ठेवायची जी खटकी असते, ती झटपट पाच वेळा दाबली तरी पाचच लागतो. लय सांभाळायला हवी, सेकंदाला दहाच्या आसपास, आणि दोन आकड्यांमध्ये थोडं थांबायचं. तिचा हात इतका बसला होता की तिला पूर्ण नंबर न चुकता लावता यायचा. गोष्टवेल्हाळ, तुमचं वाचून मुद्दाम लिहितेय. आमच्याकडे टॉर्च धरायला मी होते, पण कुलूप चुकवणारी ताई होती.

रात्रीच्या रेडिओबद्दलही थोडं. दिवसा जिथे नुसती खरखर असायची, तिथे अंधार पडल्यावर दूरदूरची केंद्रं लागायची, अनोळखी भाषांत. मध्यम लहरींना दिवसा वातावरणातला एक खालचा विद्युतभारित थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. आवाज एकदा मोठा व्हायचा, एकदा बुडायचा. मी अंथरुणात रेडिओ कानाशी धरून काटा केसभर केसभर सरकवत असे आणि कळत नसलेली भाषा ऐकत राहायचे. नकाशातल्या नावांना आवाज असतो हे मला तिथे समजलं.

---

साखरझोप

नवीन सभासद आहे. हा धागा वाचून कपाटातून एक कॅसेट काढलीय. त्यात आजोबा गोष्ट सांगतायत आणि मध्येच मी, तीन-चार वर्षांची, प्रश्न विचारतेय असं आई म्हणते. आजोबा आता नाहीत. कॅसेट पुष्कळ वर्षं लावलेली नाही. लावायची भीती वाटतेय, फीत तुटली तर? कुणी सांगू शकेल का?

---

दुसरीफेरी

भीती रास्त आहे, पण बहुतेक वेळा आवाज शाबूत असतो. क्रमाने करा.

सर्वांत आधी वरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकूनही वरून काही टेप होणार नाही. मग कॅसेटच्या खालच्या उघड्या बाजूने आत बघा. फितीच्या मागे पितळी पट्टीवर कापसाळ फेल्टचा एक चिमुकला तुकडा दिसला पाहिजे. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुकून तो गळून पडतो आणि मग आवाज अगदी पुसट येतो. तो नसेल तर अजिबात लावू नका, मला व्यक्तिगत निरोप करा.

---

निळीशाई

दुसरीफेरी यांच्या सांगण्यात भर घालतो. टेपरेकॉर्डर कुणाचा चालू स्थितीतला मिळाला तरी आधी त्याचं हेड आणि ती चकचकीत दांडी कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. नंतर दुसरी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट निदान अर्धा तास वाजवून बघा. ती खाल्ली नाही, तरच आजोबांची घाला.

वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असू शकतात. म्हणून वाजवण्याआधी पेन्सिलने हाताने थोडी पुढे-मागे करून बघा. कुठे अडकतेय असं वाटलं तर जोर करू नका. सैल वाटली तर टेपवर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत सुरुवातीला आणा.

पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या. 'नंतर करू' म्हणू नका. हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडा. माइकच्या भोकाला जोडली तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एमपी३ न करता आधी वेव्ह फाइल म्हणून साठवा आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

---

साखरझोप

फेल्टचा तुकडा जागेवर आहे! दोन्ही तुकडे मोडले. मामाकडे टेपरेकॉर्डर आहे, पण रबरी चाक चकाकतंय आणि कडक झालंय. त्यावर लावू का?

---

दुसरीफेरी

नको. चकाकणारं चाक फीत घसरवतं आणि मग खातं. चाक बदलून घ्या, ते स्वस्तात आणि सहज बदलता येतं. फक्त जुन्याचा व्यास आणि रुंदी मोजून त्याच मापाचं मागवा. बदलताना झाकण काढलेलंच राहू द्या, म्हणजे फीत चाकावरून सरळ जातेय की तिरकी, हे पहिल्या मिनिटातच दिसेल.